आयर्लंडची सरकारी दप्तरं १९२२ साली जळाली, मग आयरिश लोक आपले पूर्वज शोधतात कसे?

डिसेंबर २०१९ च्या अखेरीस मालवण तालुक्यातल्या वराड गावात एका पाहुण्याचं जोरदार स्वागत झालं. पाहुणे होते आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर. त्यांच्या वडिलांचं कुटुंब या गावचं. वडील डॉक्टर झाले, आधी इंग्लंडला गेले आणि पुढे आयर्लंडमध्ये स्थायिक झाले. वराडकरांना आपलं मूळ गाव शोधायला फार त्रास पडला नसणार, कारण ते त्यांच्या आडनावातच आहे.

पण ज्या देशाचे ते पंतप्रधान होते, तिथल्या लोकांना ही सोय नाही. आयर्लंडमध्ये सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव आहे मर्फी. या आडनावावरून गावाचा काहीच पत्ता लागत नाही. आज एकट्या अमेरिकेत तीन कोटींहून अधिक लोक स्वतःला आयरिश वंशाचे म्हणवतात. त्यातल्या अनेकांना एवढंच माहीत असतं, की कुणीतरी खापरपणजोबा दुष्काळात बोटीत बसून आले होते.

ते कुठल्या गावातून आले? त्यांच्या आईवडिलांची नावं काय होती? जगातल्या इतर देशांत याची उत्तरं जुन्या जनगणनेत, मृत्युपत्रांत किंवा चर्चच्या नोंदींत मिळतात. आयर्लंडमध्ये मात्र यातला मोठा भाग एका दुपारी जळून खाक झाला. त्यामुळे तिथं घरातली जुनी पत्रं, बायबल, फोटो आणि जमिनीचे कागद यांना वेगळंच महत्त्व आलं आहे.

हा शोध नेमका कसा घेतला जातो, समजून घेऊया.

३० जून १९२२ ला काय झालं होतं?

१९२१ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटन आणि आयरिश नेत्यांमध्ये करार झाला. या करारावरून आयर्लंडमध्येच दोन गट पडले. कराराच्या विरोधातल्या सशस्त्र गटानं एप्रिल १९२२ मध्ये डब्लिनमधली ‘फोर कोर्ट्स’ ही न्यायालयाची इमारत ताब्यात घेतली. २८ जूनला नव्या सरकारच्या सैन्यानं तिच्यावर तोफा डागायला सुरुवात केली आणि यादवी युद्धाला तोंड फुटलं.

याच आवारात आयर्लंडचं सार्वजनिक अभिलेखागार होतं. तेराव्या शतकापासूनची कागदपत्रं तिथल्या सहा मजली कोठारात रचून ठेवलेली होती. ३० जूनला तिथं प्रचंड स्फोट झाला. आग कोठारात शिरली आणि काही तासांत सगळं संपलं. जळके कागद वाऱ्यावर उडून शहरभर पडत होते.

यात काय गेलं? १८२१, १८३१, १८४१ आणि १८५१ या चार जनगणनांचे घरोघरचे तक्ते गेले, त्यांचे मोजके तुकडे उरले. आयर्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या म्हणजे ‘चर्च ऑफ आयर्लंड’च्या निम्म्याहून अधिक पॅरिशच्या जुन्या नोंदवह्या गेल्या. शेकडो वर्षांची मूळ मृत्युपत्रं गेली.

पण सगळा दोष या आगीला देता येत नाही. १८६१ आणि १८७१ च्या जनगणनेचे तक्ते सरकारनंच आदेश काढून आधी नष्ट केले होते. १८८१ आणि १८९१ चे तक्ते पहिल्या महायुद्धाच्या काळात लगदा करायला पाठवले गेले. १९२१ ला स्वातंत्र्ययुद्ध सुरू असल्यानं जनगणनाच झाली नाही.

म्हणजे संपूर्ण देशाची, घरोघरची माहिती देणाऱ्या जुन्या जनगणना उरल्या फक्त दोन. एक १९०१ ची आणि दुसरी १९११ ची. या दोन्ही आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्यानंतरची जनगणना १८ एप्रिल १९२६ ला झाली. शंभर वर्षांच्या नियमामुळे ती एप्रिल २०२६ मध्ये खुली करायचं ठरलं.

आता यातली खरी अडचण बघा. आयर्लंडमधला महादुष्काळ पडला १८४५ ते १८५२ या काळात. बटाट्याच्या पिकावर रोग आला, सुमारे दहा लाख माणसं मेली आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. १८४१ मध्ये सुमारे ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाख ५० हजारांवर आली. म्हणजे ज्या काळातली माणसं सगळ्यात जास्त शोधली जातात, नेमक्या त्याच काळाची जनगणना जळालेली आहे.

मग वाचलं काय?

गंमत म्हणजे, जे कागद सरकारनं कधी महत्त्वाचे मानले नाहीत, ते वाचले.

आयर्लंडमधली बहुसंख्य जनता कॅथलिक होती. पण कॅथलिक चर्च हे सरकारी चर्च नव्हतं, त्यामुळे त्याच्या नोंदवह्या डब्लिनला जमा करायचा प्रश्नच आला नाही. त्या गावोगावच्या पाद्र्यांकडेच राहिल्या आणि आगीतून सुटल्या. २०१५ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं या वह्यांच्या पानांची छायाचित्रं ऑनलाइन टाकली, तीही फुकट. अशा पौणेचार लाखांच्या आसपास प्रतिमा तिथं आहेत. अनेक खेड्यांतल्या नोंदी मात्र १८२० किंवा १८३० च्या पुढेच सुरू होतात.

सरकारी जन्म-मृत्यू नोंदणीही वाचली, कारण ती दुसऱ्या कार्यालयात होती. १८४५ पासून कॅथलिक सोडून इतरांची लग्नं नोंदवली जाऊ लागली आणि १८६४ पासून सगळ्यांचे जन्म, लग्नं आणि मृत्यू.

जमिनीच्या नोंदी वाचल्या. १८४७ ते १८६४ या काळात रिचर्ड ग्रिफिथ या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली देशभरातल्या घरा-जमिनींची करासाठी आकारणी झाली. कुठल्या तुकड्यावर कोण कूळ आहे आणि जमीनदार कोण आहे, हे तिच्यात छापलेलं आहे. त्याआधीच्या, १८२३ ते १८३८ च्या काळातल्या चर्चच्या कराच्या वह्याही आहेत. या दोन्हींत घरातल्या सगळ्यांची नावं नसतात, फक्त जमीन कसणाऱ्याचं नाव असतं.

चौथी गोष्ट म्हणजे नकला. डब्लिनमधलं दस्त नोंदणी कार्यालय १७०८ पासून चालू आहे. ते वेगळ्या इमारतीत असल्यानं तिथले दस्तांचे गोषवारे शाबूत राहिले. मृत्युपत्रं जळाली, तरी बऱ्याच जिल्हा कार्यालयांतल्या १८५८ नंतरच्या नक्कल-वह्या उरल्या. एकोणिसाव्या शतकात सर विल्यम बेथम या अधिकाऱ्यानं हजारो मृत्युपत्रांतली नाती आपल्या वह्यांत टिपून ठेवली होती. मूळ कागद गेले, वह्या राहिल्या.

आगीनंतर उत्तर आयर्लंडमध्ये १९२३ ला वेगळं अभिलेखागार सुरू झालं. तिथल्या अधिकाऱ्यांनी वकिलांची कार्यालयं आणि जमीनदारांचे वाडे गाठले, कारण सरकारी कागदाची एखादी प्रत खासगी कपाटात असण्याची शक्यता होती. हाच विचार पुढे नेत ट्रिनिटी कॉलेज डब्लिनच्या नेतृत्वाखाली २०२२ मध्ये ‘व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी’ हा प्रकल्प खुला झाला. जगभरच्या संस्थांकडे असलेल्या नकला आणि उतारे एकत्र करून ते जळालेलं कोठार संगणकावर पुन्हा उभं केलं जात आहे.

पहिला प्रश्न : वाडी कुठली?

आयरिश पूर्वज शोधताना नवखे लोक सगळ्यात आधी नाव टाइप करतात. ‘पॅट्रिक मर्फी’ असं शोधलं की शेकडो पॅट्रिक मर्फी समोर येतात आणि शोध तिथंच अडतो.

म्हणून आधी ठिकाण शोधावं लागतं. आयर्लंडमध्ये ३२ काउंटी आहेत. प्रत्येक काउंटीत अनेक पॅरिश असतात आणि पॅरिशमध्ये ‘टाउनलँड’. नावात टाउन असलं तरी हे शहर नव्हे. आपल्याकडच्या वाडीसारखा हा जमिनीचा सगळ्यात लहान भाग. देशात असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. काहींत दोन-चारच घरं असतात.

टाउनलँड कळला की कुठल्या चर्चची वही उघडायची, आकारणीचं कुठलं पान पाहायचं, हे ठरतं. पण परदेशातल्या सरकारी कागदांत हे नाव क्वचितच मिळतं. १९०६ पूर्वीच्या अमेरिकन नागरिकत्वाच्या कागदांवर जन्मठिकाण म्हणून बऱ्याचदा फक्त ‘आयर्लंड’ लिहिलेलं असतं. त्या छोट्या वाडीचं नाव लक्षात ठेवणारे लोक घरचेच असतात, म्हणून ते घरच्या कागदांतच सापडतं.

जुन्या पेटीतले कागद कसे वाचायचे?

समजा, बोस्टनमधल्या एका घरात आजीच्या मागे एक पत्र्याची पेटी निघाली. तिच्यात काय काय असू शकतं आणि त्यातून काय कळतं?

पत्रं : अमेरिकेतून येणाऱ्या पत्रात बहुतेकदा पैसे असत आणि आयर्लंडमधून जाणाऱ्या पत्रात गावच्या बातम्या. कोण वारलं, कुणाचं लग्न कुठे झालं, शेजारचं शेत कुणी घेतलं, हे सगळं त्यात येतं. शेजाऱ्यांची नावं वेगळ्या कागदावर उतरवून घ्यावीत. आकारणीच्या यादीत तीच नावं शेजारी-शेजारी दिसली, तर तुमचा पॅट्रिक मर्फी तोच असण्याची शक्यता खूप वाढते.

पाकीट कधी फेकू नये. त्यावरचा शिक्का टपाल कार्यालय जिथं होतं त्या शहराचा असतो, राहत्या वाडीचा नव्हे. तरी शोध दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत येतो.

कौटुंबिक बायबल : विशेषतः प्रोटेस्टंट घरांत बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्न आणि मृत्यूच्या तारखा लिहायची पद्धत होती. ज्यांच्या चर्चच्या वह्या १९२२ ला जळाल्या, त्यांच्यासाठी हे पान कधीकधी एकमेव पुरावा असतं. इथं एक गोष्ट तपासायची. बायबल छापल्याचं साल पुस्तकात असतं. पुस्तक १८६० चं आणि पहिली नोंद १८१५ ची असेल, तर ती आठवणीवरून नंतर लिहिलेली आहे. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच अक्षरात असतील तरी तोच अर्थ.

स्मृतिकार्ड : कॅथलिक घरांत कुणी वारलं की प्रार्थनेचं छोटं कार्ड छापून वाटलं जाई. त्यावर मृत्यूची तारीख आणि वय असतं, अनेकदा गावाचं नावही असतं.

फोटो : मागच्या बाजूला स्टुडिओचं नाव आणि शहर छापलेलं असतं. माणूस ओळखता आला नाही, तरी कुटुंब कुठल्या बाजारपेठेत येत-जात होतं हे कळतं.

जमिनीचे कागद : भाडेपट्टा, खंडाची पावती, कर्जाचे कागद. यात टाउनलँडचं नाव हमखास असतं, शिवाय जमीनदाराचं नाव असतं. ते मिळालं की त्या जमीनदाराच्या दप्तरातल्या कुळांच्या याद्या शोधता येतात.

सैन्यातून सुटल्याचे कागद : एकोणिसाव्या शतकात हजारो आयरिश तरुण ब्रिटिश सैन्यात होते. त्यांच्या सुटकेच्या कागदावर जन्माचा पॅरिश, वय, आधीचा धंदा, उंची आणि केसांचा रंगही लिहिलेला असे.

घरात काहीच नसेल, तर दुसऱ्यांनी जपलेले खासगी स्वरूपाचे कागद आहेत. बोस्टनच्या ‘पायलट’ या वृत्तपत्रात १८३१ ते १९२१ या काळात हरवलेल्या नातेवाइकांना शोधणाऱ्या चाळीस हजारांहून अधिक जाहिराती छापून आल्या. ‘अमुक पॅरिशचा माझा भाऊ अमुक साली बोटीतून उतरला, त्याच्याविषयी कुणाला माहिती आहे का,’ अशा स्वरूपाच्या. न्यूयॉर्कच्या ‘एमिग्रंट इंडस्ट्रियल सेव्हिंग्ज बँके’नं खातेदाराची ओळख पटावी म्हणून जन्मगाव, आईवडील, भावंडं आणि बोटीचं नाव लिहून ठेवलं होतं. चोरी टाळण्यासाठी भरलेली ती वही आज वंशावळीचा खजिना झाली आहे.

पेन्शनच्या अर्जातून वाचलेली जनगणना

या विषयातली सगळ्यात भारी गोष्ट पेन्शनची आहे.

१ जानेवारी १९०९ पासून ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये सत्तरीच्या पुढच्या गरजूंना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन सुरू झाली. पण आयर्लंडमध्ये जन्मनोंदणीच १८६४ ला सुरू झालेली. मग १८३९ ला जन्मलेल्या माणसानं वय सिद्ध कसं करायचं?

त्यावर उपाय निघाला तो जुन्या जनगणनेचा. अर्जदार आपलं नाव, आईवडिलांची नावं आणि लहानपणीच्या टाउनलँडचं नाव देई. कारकून कोठारात जाऊन १८४१ किंवा १८५१ च्या तक्त्यात ते घर शोधे आणि जे सापडेल ते अर्जावर लिही. काही अर्जांवर त्या घरातल्या सगळ्या माणसांची नावं आणि वयं उतरवलेली आहेत.

१९२२ ला तक्ते जळाले. पण हे अर्ज उरले आणि आता राष्ट्रीय अभिलेखागारात पाहता येतात. पाच शिलिंगांसाठी कुणा म्हाताऱ्यानं केलेली खटपट आज त्याच्या पतवंडांना दुष्काळाच्या आधीचं घर दाखवते.

नावं बदलतात, तीही एकाच माणसाची

कागद मिळाला तरी नाव ओळखता आलं पाहिजे.

आयरिश आडनावातला ‘ओ’ म्हणजे वंशज आणि ‘मॅक’ म्हणजे मुलगा. इंग्रजी अमलाच्या काळात अनेकांनी हे शब्द गाळले आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला भाषेची चळवळ सुरू झाल्यावर काहींनी ते परत लावले. त्यामुळे एकाच घरातला एक भाऊ सुलिव्हन आणि दुसरा ओ’सुलिव्हन असू शकतो.

पाळण्यातलं नाव आणि हाक मारायचं नाव यांतही फरक. ब्रिजेट ही डेलिया, ब्रायडी किंवा बिडी होते. होनोराची नोरा होते. जेरेमाया हा डार्बी असू शकतो. त्यात कॅथलिक पाद्री अनेकदा नोंद लॅटिनमध्ये करत. वहीत ‘जाकोबुस’ दिसला तर तो जेम्स आणि ‘गुलिएल्मुस’ म्हणजे विल्यम.

या वह्यांचा एक मोठा फायदा आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बहुतेकदा आईचं माहेरचं आडनाव असतं. वडिलांचं नाव पॅट्रिक मर्फी अनेकांचं असेल, पण आई त्याच माहेरची असणारी जोडी त्या पॅरिशमध्ये सहसा एकच निघते.

मुलांची नावं ठेवायचीही रीत होती. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. पहिल्या मुलीला आईच्या आईचं, दुसरीला वडिलांच्या आईचं. सगळी घरं हे पाळत नसत, म्हणून याला पुरावा मानत नाहीत. पण पुढे कुणाला शोधायचं याचा अंदाज येतो.

गावांचीही नावं बदलली. जुन्या कागदावर ‘किंग्ज काउंटी’ दिसली तर ती आजची ऑफली. ‘क्वीन्स काउंटी’ म्हणजे लीश आणि ‘क्वीन्सटाउन’ म्हणजे कॉर्कजवळचं कोव्ह बंदर. याच बंदरातून लाखो लोक अमेरिकेला गेले. त्यामुळे ‘आम्ही कॉर्कचे’ असं घरात सांगितलं जात असेल, तरी पूर्वज कॉर्कमधून फक्त बोटीत चढले असण्याची शक्यता असते.

कागदावर लिहिलंय म्हणजे खरंच असतं का?

नाही. १९०१ आणि १९११ च्या जनगणना शेजारी ठेवल्या की हे लगेच दिसतं. दहा वर्षांत अनेक लोकांचं वय बारा, पंधरा किंवा त्याहून जास्त वर्षांनी वाढलेलं आहे. मधल्या काळात पेन्शन सुरू झाली होती, हे आपण पाहिलंच. अनेकांना आपलं नेमकं वय माहीतही नव्हतं.

नावातल्या गोंधळाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अ‍ॅनी मूरचं. १ जानेवारी १८९२ ला न्यूयॉर्कचं एलिस आयलंड हे स्थलांतरितांचं केंद्र सुरू झालं. तिथून सगळ्यात आधी आत गेली ती कॉर्कहून आलेली अ‍ॅनी. सोबत दोन धाकटे भाऊ होते. तिला दहा डॉलरचं सोन्याचं नाणं देण्यात आलं.

पुढे अनेक दशकं असं मानलं जात होतं, की ही अ‍ॅनी टेक्सासला गेली आणि तिथं अपघातात वारली. पण मेगन स्मोलेन्याक या वंशावळ संशोधिकेनं कागद तपासले, तेव्हा टेक्सासची अ‍ॅनी मूर अमेरिकेतच, इलिनॉयमध्ये जन्मल्याचं दिसलं. मग तिनं इंटरनेटवर एक हजार डॉलरचं बक्षीस लावलं आणि लोक शोधाला लागले. २००६ मध्ये खरी अ‍ॅनी सापडली. ती न्यूयॉर्क सोडून कुठे गेलीच नव्हती. मॅनहॅटनच्या गरीब वस्तीत तिनं संसार केला आणि १९२४ ला वारली. तिच्या कबरीवर साधा दगडही नव्हता. २००८ मध्ये तिथं आयर्लंडहून आणलेला दगड बसवण्यात आला.

नाव जुळलं, म्हणून सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. जन्मठिकाण कुणी तपासलंच नव्हतं.

म्हणून जाणकार एक साधा नियम पाळतात. घरातल्या कागदावरची प्रत्येक गोष्ट किमान आणखी एका स्वतंत्र नोंदीशी जुळवायची. आणि शोध नेहमी स्वतःपासून मागे न्यायचा. आधी आईवडील, मग आजी-आजोबा. मधली एकही पायरी गाळायची नाही.

बराक ओबामांचा आयरिश धागा असाच जुळला. त्यांच्या आईकडून खापरपणजोबांचे वडील असलेले फालमथ कर्नी हे चांभाराचे पुत्र १८५० ला न्यूयॉर्कला उतरले होते. ऑफलीतल्या मनीगॉल गावाजवळच्या चर्चच्या जुन्या नोंदी वाचल्या होत्या, म्हणून तिथल्या पाद्र्यांना त्यांत कर्नी कुटुंब सापडलं. २३ मे २०११ ला राष्ट्राध्यक्ष असताना ओबामा त्या तीनेकशे वस्तीच्या गावात जाऊन आले.

डीएनए चाचणीनं हे सगळं सोपं झालं का? थोडंफार. दोन माणसं नात्यात आहेत हे चाचणी सांगते. ती कुठल्या वाडीतली आणि नातं नेमकं काय, हे ठरवायला शेवटी कागदच लागतात.

पुणे-मुंबईचा यात काय संबंध?

ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि ब्रिटिश सैन्यात आयरिश जवानांचा भरणा मोठा होता. १८३० च्या आसपास ब्रिटिश सैन्यात चाळीस टक्क्यांहून अधिक आयरिश होते. मुंबई इलाख्यात पुणे, खडकी, अहमदनगर इथल्या छावण्यांत त्यांची लग्नं झाली, मुलं झाली आणि अनेकांच्या कबरीही इथंच आहेत.

इथल्या चर्चमधल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला पाठवल्या जात. आज त्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यामुळे असंही होतं, की एखाद्या कुटुंबाची आयर्लंडमधली नोंद जळालेली असते आणि त्याच कुटुंबातल्या मुलाची पुण्यातली नोंद लंडनमध्ये सुरक्षित असते.

इतकी खटपट लोक कशासाठी करतात?

एक कारण अगदी व्यवहाराचं आहे. तुमच्या आजी-आजोबांपैकी कुणी एक जरी आयर्लंड बेटावर जन्मलेले असतील, तर तुम्ही परदेशी जन्मनोंदणीद्वारे आयरिश नागरिकत्व घेऊ शकता. त्यासोबत युरोपियन युनियनचा पासपोर्ट येतो. पण त्यासाठी आजोबांपासून तुमच्यापर्यंतच्या प्रत्येक पिढीचे जन्म-लग्नाचे अधिकृत दाखले लागतात. घरातलं बायबल किंवा पत्र तिथं चालत नाही. ते फक्त कुठला दाखला मागवायचा हे सांगतं.

दुसरं कारण मनाचं. दुष्काळात गेलेल्यांपैकी बहुतेक जण परत आले नाहीत. अमेरिकेला निघालेल्या मुलाला घरचे लोक रात्रभर जागून निरोप देत आणि त्याला मयताच्या जागरणाचंच नाव दिलेलं होतं. तुटलेला तो धागा दीडशे वर्षांनी जोडावासा वाटणं साहजिक आहे.

कागद हाती लागले तर आधी काय करावं?

अभिलेखागारांत काम करणारे लोक काही साध्या गोष्टी सांगतात.

– गठ्ठा सोडण्याआधी तो जसा आहे तसा फोटो काढा. कुठला कागद कशासोबत ठेवला होता, हीसुद्धा माहिती असते.
– प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो घ्या. पाकीटं आणि कोऱ्या दिसणाऱ्या पानांचाही.
– फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन तर अजिबात नको. दोन्हींनी कागद कायमचा खराब होतो.
– टाचण्या, क्लिप आणि रबर बँड काढून टाका.
– कागद स्वच्छ, कोरड्या हातांनी हाताळा. फोटोंना बोटांचे ठसे लागू देऊ नका.
– मजकूर उतरवताना स्पेलिंग सुधारू नका. जसं आहे तसंच लिहा. चुकीचं वाटणारं नाव हाच पुढे धागा ठरू शकतो.
– घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला फोटो दाखवून नावं विचारा आणि ती फोटोच्या मागे कडेला पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा.

यातलं शेवटचं काम सगळ्यात आधी करावं. अभिलेखागारातली वही पुढच्या वर्षीही तिथंच असेल. फोटोतल्या माणसांना ओळखणारी आजी असेलच असं नाही.